सायलसचं सहाबारी पिस्तूल

सोमवार, ९ सप्टेंबर १८६७
हॅमंड्स लँडिंग, कॅन्सस

आज माझ्या ‘ट्रम्पेट’ वर्तमानपत्राचा अंक निघाला आणि दुपारच्या आत संपला. मी लिहिलं आहे की कर्नल ओबेड स्ट्रॅटन यांनी सबंध यादवी युद्धात शत्रूचं तोंड पाहिलं नाही आणि पाठही पाहिली नाही. त्यांनी पाहिली ती खेचरांची शेपटं, कारण त्यांची नेमणूक खेचरांच्या तळावर होती. यात एक अक्षर खोटं नाही. हा गृहस्थ नदीवर होड्या चालवतो, नोव्हेंबरच्या निवडणुकीत उमेदवार आहे आणि उरलेल्या वेळात देश चालवण्याची स्वप्नं पाहतो. नोव्हेंबरात आपल्याकडे दोन प्रश्नांवर मतदान आहे: काळ्या माणसाला मताचा हक्क द्यायचा का, आणि बाईला द्यायचा का. स्ट्रॅटन दोन्हींच्या विरुद्ध गावोगाव बोलत फिरतो. बोलतो म्हणजे घसा साफ करतो. त्याच्या गळ्यातून आजवर विचार नावाची वस्तू बाहेर पडलेली कोणी पाहिलेली नाही.

छपाईआधी केझाया म्हणाली, “लेम, ते खेचरांचं वाक्य काढ.”

“का? खोटं आहे?”

“खरं आहे म्हणून म्हणते.”

मी तिला सत्य आणि धैर्य यांविषयी चार वाक्यं ऐकवली. ती छपाईचे शिशाचे खिळे जुळवत राहिली. केझाया माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. घर तिच्याकडे, आणि छापखान्यातले खिळेही तिच्याकडे. माझी बहीण खिळे उत्तम जुळवते. त्यांचा अर्थ तिच्यापर्यंत पोहोचतो असं मला कधी वाटलेलं नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर

स्ट्रॅटनने काल धक्क्यावर वीस माणसांसमोर सांगितलं की तो मला गोळी घालणार आहे. वीस माणसं असल्याशिवाय त्याला शौर्य येत नाही.

तरीही हत्यार हवं. माळ्यावर सायलसची पेटी आहे. सायलस आमचा धाकटा भाऊ; त्रेसष्ट साली आर्कान्सामध्ये पडला. त्याची शेवटची गोळी आणि त्याचा शेवटचा शब्द यांवर मी माझं प्रत्येक व्याख्यान संपवतो. त्या वेळी सभागृहात कोणाचा डोळा कोरडा राहत नाही. केझाया मात्र त्या सुमारास उठून बाहेर जाते. गर्दीत तिला गुदमरतं.

पेटीतलं सहाबारी पिस्तूल घेऊन ब्रुनरकडे गेलो. हा म्हातारा जर्मन गावातल्या सगळ्या बंदुका दुरुस्त करतो. त्याने ते हातात घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“संपादकसाहेब, हे पिस्तूल आहे की नांगराचा फाळ?”

“ते युद्धातून आलं आहे.”

“युद्ध संपून दोन वर्षं झाली. ह्याला कोणी कळवलं नाही वाटतं.” त्याने नळीत डोळा घातला. “बार उडवले आणि न धुता पेटीत टाकलं. बंदुकीची दारू जळली की मागे काजळी राहते. काजळी हवेतलं पाणी पिते, पाणी लोखंड खातं. एक दिवस पुरतो. तुम्ही चार वर्षं दिलीत.”

“मग करायचं काय?”

“धुवायचं. जेवणाच्या ताटासारखं. दर वेळी.”

मानवजातीला बेड्यांतून सोडवणारं शस्त्र, आणि ते म्हणे ताटांबरोबर घासायचं! मला हसू आलं. ब्रुनरला आलं नाही. त्याने एक पाचर ठोकून काढली, नळी वेगळी केली, सहा घरांची चक्री बाहेर ओढली आणि म्हणाला, “ह्यातली दोन घरं अजून भरलेली आहेत. ठिणगी पाडणाऱ्या टोप्यांसकट. तुम्ही हे कोटाच्या खिशात घालून आलात ना?”

दोन घरं भरलेली, म्हणजे सायलसने शेवटची गोळी झाडलीच नव्हती. व्याख्यानातलं वाक्य बदलण्याची मला गरज वाटत नाही. लोकांना सत्य हवं असतं, हिशेब नको असतो.

शनिवार, १४ सप्टेंबर

पिस्तूल घासूनपुसून आलं. मागोमाग ब्रुनर स्वतः आला, शिकवायला. मी दहा मिनिटं ऐकलं, मग अग्रलेखाकडे वळलो. केझाया ओट्याशी उभी राहून ऐकत होती, म्हणून तो तिलाच शिकवू लागला. चांगलं झालं. तिला काहीतरी नवं करायला मिळालं.

माझ्या टेबलापर्यंत जे कानावर आलं ते असं: उकळतं पाणी आणि साबण. नळीतून चिंधी, पुन्हा चिंधी, ती पांढरी बाहेर येईपर्यंत. चक्रीच्या मागच्या बाजूला प्रत्येक घराला एक पोकळ खुंटी असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसते. घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी खुंटीतून आत जाते. त्या सहा खुंट्या किल्लीने काढायच्या आणि टाचणीने टोकरायच्या. मग सगळं लोखंड चुलीच्या भट्टीत, पाव ठेवतात तिथे, वाळेपर्यंत. मग तेलाचा हात. आसाला मेण आणि चरबी.

“आणि एक लक्षात ठेवा, बाई,” ब्रुनर म्हणाला. “तेल लोखंडाचा मित्र, पण दारूचा वैरी. भरण्याआधी प्रत्येक घर कोरडं पुसायचं. मग रिकाम्या चक्रीवर एकेक टोपी फोडायची. खुंटीत तेल राहिलं असेल तर जळून जातं. हे विसरलात तर पिस्तूल नुसतं खोकतं.”

“थेंबभर तेलाने?” केझायाने विचारलं.

“थेंबभर पुष्कळ होतं.”

स्वयंपाकघरात जळक्या दारूचा, सडक्या अंड्यांसारखा वास पसरला आहे. मक्याच्या भाकरीलाही तोच वास. मी अर्धी टाकली.

बुधवार, १८ सप्टेंबर

आज खाणीजवळ जाऊन नेम धरला. माझा हात स्थिर आहे. केझायाने गोळ्या ठासून वर चरबी लावायला डबी दिली होती. त्या चिकट घाणीत मी बोटं घातली नाहीत. दुसऱ्या बाराला दोन घरं एकदमच उडाली. आवाज तोफेसारखा झाला आणि शिशाचा एक तुकडा माझ्या कानाजवळून गेला.

ब्रुनरला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, तो पिस्तुलाच्या ताकदीचं कौतुक करेल.

“चरबी लावली होती?”

“नाही.”

“म्हणजे शेजारच्या घरात ठिणगी गेली. तुम्ही नशीबवान, आणि पिस्तूल बिचारं कमनशिबी.” एवढं म्हणून तो खुशाल कानशीला लागला. मी ग्रीक वक्ते मुळातून वाचलेला माणूस, आणि हा मला चरबी शिकवतो.

परत येऊन पिस्तूल केझायाच्या हातात दिलं. तिने पाणी चुलीवर ठेवलं.

शनिवार, २१ सप्टेंबर

असह्य! “स्त्री आणि राज्यघटना” या लेखाच्या ऐन मध्यावर होतो. ‘अर्ध्या मानवजातीला स्वयंपाकघरात कोंडून’ इथवर वाक्य आलं होतं, आणि स्वयंपाकघरातून फट्! फट्! फट्! केझाया टोप्या फोडत होती. वाक्य गेलं ते गेलंच.

मी आत जाऊन स्पष्ट सांगितलं, “हा फटफटाट आजपासून बंद. मला काम करू दे.”

“टोप्या फोडल्या नाहीत तर तेल राहील, लेम.”

“राहू दे. जगात तेल राहिल्याने कोणी मेलेलं नाही.”

तिने हातातल्या पिस्तुलाकडे पाहिलं. मग म्हणाली, “नाही. मेलेलं नाही.” आणि टोप्यांची डबी बंद केली.

मंगळवार, २४ सप्टेंबर

केझाया आता तिसऱ्या प्रहरी ब्रुनरच्या दुकानात जाते. म्हाताऱ्याच्या बोटांत संधिवात शिरला आहे आणि निवडणुकीच्या दिवसांत गावातला जो तो पिस्तूल कमरेला लावतो. काम साचलं आहे. मी हरकत घेतली नाही. बाईने घराबाहेर पडावं हे तर मीच गेली सहा वर्षं व्यासपीठावरून सांगतो आहे. फक्त जेवण वेळेवर मिळावं.

सार्वजनिक प्रश्नांची तिला ओढ नाही. आज सहज विचारलं, “कर्नलविषयी तुझं मत काय?”

“त्याचं पिस्तूल फार घाण असतं,” ती म्हणाली.

शनिवार, २८ सप्टेंबर

निघाली एकदाची जाहिरात! स्ट्रॅटनने टपालकचेरीच्या दारावर कागद डकवला आहे. शनिवार, ५ ऑक्टोबर, दुपारी बारापासून लेम्युएल हॅस्केट धक्क्याच्या रस्त्यावर दिसला तर त्याच्यावर गोळी झाडली जाईल. शुद्धलेखनाच्या चार चुका. मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या, खाली लिहिलं, ‘दिसेल. ठीक बारा वाजता,’ आणि सही केली.

घरी आलो तेव्हा केझायाला बातमी आधीच कळली होती. ती बटाटे सोलत होती. सालं नेहमीपेक्षा जाड निघत होती.

“शनिवारी लॉरेन्सला जा. तिथे तुला बोलवलंय.”

“पळून?”

“बोलायला. तुला बोलायला आवडतं ना?”

“आणि गावाने काय म्हणायचं? मी लोकांना अन्यायापुढे उभं राहा म्हणून सांगतो.”

“अन्यायापुढे उभं राहा, लेम. ओबेड स्ट्रॅटनपुढे कशाला?”

हा फरक कळण्याइतकी सूक्ष्म बुद्धी तिच्याकडे असती तर तो फरक नाही हेही तिला कळलं असतं. मी तेच तिला सांगितलं. तिने बटाटे पाण्यात टाकले.

बुधवार, २ ऑक्टोबर

ब्रुनरच्या दुकानात गेलो आणि पाहतो तर काय: केझाया खिडकीखालच्या बाकावर बसलेली, कोपरापर्यंत काळी, आणि तिच्यापुढे फडक्यावर सुटं करून मांडलेलं स्ट्रॅटनचं पिस्तूल! पांढऱ्या हाडाची मूठ आहे, गावात दुसरं तसं नाही. शेजारी तेलाची बशी.

“हे काय? त्याचं हत्यार तू साफ करतेस?”

ब्रुनर मध्ये पडला. “संपादकसाहेब, पाद्री सगळ्यांचे गुडघे टेकवून घेतो, मी सगळ्यांच्या नळ्या साफ करतो. कर्नलने काल टाकलंय. शुक्रवारी भरून हवंय म्हणाला.”

“आणि उद्या त्यातूनच मला गोळी लागली तर?”

म्हाताऱ्याने खांदे उडवले. केझायाने मान वर केली नाही. ती एका घरात चिंधी फिरवत होती, फार हळू, तान्ह्या मुलाचा कान पुसतात तशी. तिला ही गोष्ट विचित्र वाटत नाही, यातच सगळं आलं. माझ्या शत्रूचं शस्त्र माझ्याच घरच्या हातांनी तयार व्हावं! एखाद्या जुन्या शोकनाटकात शोभावं असं हे. पण शोकनाटकातल्या बहिणींना निदान आपण काय करतो आहोत हे ठाऊक असतं.

बाहेर पडताना ब्रुनर दारापर्यंत आला. “तुमची बहीण फार बारकाईने काम करते,” तो म्हणाला. “मी तिच्या हातातलं तपासत नाही.”

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

मृत्युपत्र केलं. ‘ट्रम्पेट’ केझायाच्या नावे. ती तो चालवू शकणार नाही, पण यंत्र विकता येईल. पुस्तकं कॉलेजला.

जेवणानंतर तिने माझं पिस्तूल तयार केलं. मी दारातून पाहत होतो. दारू मापून घातली, पाच घरांत गोळ्या ठासल्या, सहावं रिकामं ठेवून घोडा त्यावर टेकवला. वर चरबी. टोप्या तिने एका बशीतून उचलल्या आणि एकेक चिमटून बसवल्या. कसलाही आवाज नाही, फटफटाट नाही. शेवटी शिकली! दोन आठवड्यांत हिला एक गोष्ट तरी शिकवू शकलो.

पिस्तूल तिने माझ्या हातात दिलं. म्हणाली, “आता ह्याला हात लावू नकोस. चांगलं भरलंय.”

“मी कशाला हात लावतो?”

“तेच,” ती म्हणाली.

शनिवार, ५ ऑक्टोबर

जिवंत आहे. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण उद्यापासून गाव ते वेडंवाकडं सांगेल.

ठीक बारा. पाच आठवड्यांत पाऊस नाही, रस्त्यावर घोट्यापर्यंत धूळ. लोक पिंपांमागे, खिडक्यांमागे. स्ट्रॅटन आपल्या होड्यांच्या कचेरीतून बाहेर आला, नवा कोट घालून. पंधरा पावलांवर थांबला. मी एक वाक्य तयार करून नेलं होतं, तेही पूर्ण ऐकून घेण्याची सभ्यता त्याने दाखवली नाही. पिस्तूल उचलून थेट माझ्या छातीवर रोखलं. त्या क्षणी मला सायलस आठवला नाही, राज्यघटना आठवली नाही. मला फक्त त्या नळीचं गोल तोंड दिसलं आणि ते फार स्वच्छ होतं.

फट्.

टोपी फुटली; बार नाही. मी चाप ओढला. फट्. माझाही नाही. त्याने पुन्हा घोडा चढवला. टक्, या वेळी टोपीसुद्धा फुटली नाही. माझं टक्. त्याचं फट्. रस्त्याच्या मधोमध दोन माणसं, आणि आवाज दोन म्हाताऱ्यांनी अक्रोड फोडावेत असा. त्याचे पाच झाले, माझे पाच झाले. माझा हात हलला नाही.

तेवढ्यात बेकरीच्या दारातून मिसेस पल्सिफर ओरडली, “काय हो, कोणाला लागलं का?”

आणि सबंध रस्ता हसला. पिंपांमागून, खिडक्यांतून, छपरांवरून. स्ट्रॅटनचा चेहरा बीटासारखा झाला. त्याने पिस्तूलच माझ्या अंगावर फेकलं. नेम खेचरांच्या तळावर शिकलेला. ते वाण्याच्या दारातल्या लोणच्याच्या पिंपात पडलं. सगळ्यांत मोठा आक्रोश केला तो ब्रुनरने: “मिठाचं पाणी! अरे मिठाचं पाणी आहे ते! काढा, काढा!” आणि तो संधिवाताचा म्हातारा धावत गेला आणि त्याने खांद्यापर्यंत हात घालून ते बाहेर काढलं. तोवर स्ट्रॅटन निघून गेला होता. रण माझ्याकडे राहिलं. मी उरलेलं वाक्य पूर्ण केलं, पण ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

केझाया ब्रुनरच्या दुकानाच्या पायरीवर खाली बसली होती, तोंड त्या काळ्या पडलेल्या एप्रनमध्ये खुपसून. खांदे गदगदत होते. मी जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्यावर तिची एवढी माया आहे हे मला ठाऊक नव्हतं.

रविवार, ६ ऑक्टोबर

चर्चला गेलो नाही. पिस्तूल घेऊन बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एक घर स्वतः टोकरलं. गोळी निघाली, मागून दारू बाहेर आली ती भुकटीसारखी नव्हे, चिखलासारखी. काळी, तेलकट. दुसऱ्या घरात तेच. पाचही घरांत तेच!

आता सगळं लख्ख आहे. ब्रुनरने खराब, तेल मुरलेली दारू विकली. दोघांनाही तीच, म्हणून दोघांचंही उडालं नाही. गावाचा जीव ज्याच्या हाती तो कारागीर असा! लिहिण्यासाठी रात्र जागायची वेळच आली नाही. दुपारच्या दोन तासांत दीड रकाना लिहून काढला. मथळा: ‘आपल्यातला भेसळखोर.’ असा लेख मी वर्षभरात लिहिलेला नाही. हा छापून आल्यावर म्हाताऱ्याला दुकानाला फळ्या ठोकून निघून जावं लागेल, आणि ते योग्यच होईल.

सोमवार, ७ ऑक्टोबर

मजकूर केझायाच्या हातात दिला. तिने उभ्याने वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एरवी ती जुळवतानाच वाचते. मग तो माझ्या टेबलावर परत ठेवला.

“हा मी जुळवणार नाही.”

“काय?”

“ब्रुनरने काही केलेलं नाही. मी केलं.”

मी म्हणालो, “तू टोप्या फोडायचं विसरलीस, असं म्हणायचंय? तो दोष माझा, मीच तुला मनाई केली होती. पण पाच घरांत चिखल तेवढ्याने होत नाही.”

“नाही होत. म्हणून वरून तेल घातलं. प्रत्येक घरात, खुंट्यांतही. टोप्या तेलाच्या बशीत भिजवून ठेवल्या होत्या. तू दारात उभा राहून बघत होतास, लेम.”

मी लेखणी खाली ठेवली.

“तुला कळतंय तू काय केलंस? त्याच्यापुढे मला मोकळ्या हातांनी उभं केलंस! त्याचं उडालं असतं तर?”

“त्याचं आधी केलं. बुधवारी. त्याचं झाल्यावर मगच तुझं केलं.”

“आणि त्याने घरी जाऊन उघडून पाहिलं असतं तर? पुन्हा साफ करून भरलं असतं तर?”

“तो कधी स्वतः साफ करत नाही. तूही करत नाहीस.” तिने हात पुसले. “म्हणून तर जमलं.”

मी म्हणालो की तिने माझ्या इभ्रतीशी खेळ केला. म्हणालो की स्वतःच्या तत्त्वांसाठी मरण्याच्या माणसाच्या हक्कावर कोणालाही तेल ओतता येत नाही. अजूनही बरंच म्हणालो. ती मला मध्ये तोडत नाही. आज तोडलं, तेव्हाही आवाज चढवला नाही.

“सायलसची पेटी आली त्या दिवशी तू टोपेकाला बोलत होतास. पेटी मी उघडली. त्याचा शर्ट मी धुतला. चारदा पाणी बदललं तरी लालच. का धुतला मला माहीत नाही, घालणार कोण होतं? पण तसाच कसा ठेवायचा? आता तुझा तसा धुणार नाही. आणि स्ट्रॅटनच्या बायकोने तरी त्याचा का धुवावा? तिला चार मुलं आहेत.”

“शर्ट आला होता हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं नाहीस. तुला शेवटचा शब्द हवा होता. तो पेटीत नव्हता.”

मी पुन्हा बोलायला लागलो. पाऊण तास बोललो असेन. तेवढ्यात तिने दुसऱ्या पानावरची गुरांच्या बाजाराची बातमी आणि दोन जाहिराती जुळवून टाकल्या.

गुरुवार, १० ऑक्टोबर

दीड रकान्याच्या जागी सफरचंदांच्या लागवडीवर लेख गेला. वाचकांची पत्रं आली. सफरचंदांबद्दल.

रविवार, १३ ऑक्टोबर

गावाने आपला निकाल लावला आहे. स्ट्रॅटनने आणि मी म्हणे आतून संधान बांधलं होतं. पिस्तुलात राख भरली होती. संपादक आणि कर्नल, दोघेही एकाच मातीचे भित्रे. मी रस्त्याने चाललो की होडीवाले जिभेने आवाज काढतात. फट्. लोहार काढतो. मिसेस पल्सिफर पाव बांधून देताना अतिशय नम्रपणे काढते. या लोकांना मी सहा वर्षं विचार करायला शिकवतो आहे, आणि ते शिकले ते हे.

एक परिच्छेद पुरे आहे. फक्त खरं काय झालं ते छापायचं, की डाग धुतला गेला. मी भित्रा नव्हतो, मी त्याच्या नळीसमोर उभा होतो, मला ठाऊकसुद्धा नव्हतं! पण तो छापला तर स्ट्रॅटनला कळेल की त्याचं हसं कोणी केलं. त्याची माणसं दुपारच्या आत ब्रुनरच्या दुकानाची काच ठेवणार नाहीत. आणि खिडकीखालच्या बाकावर कोण बसतं हे गावाला माहीत आहे.

परिच्छेद डोक्यात पूर्ण तयार आहे. सुंदर आहे. जुळवायला कोणी नाही.

सायलसवरचा शेवट आजच्या सभेत घेतला नाही. वेळ कमी होता, असं मी आयोजकांना सांगितलं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

आज दुपारी शाळेच्या सभागृहात जाहीर वाद. मताचा हक्क: बाजूने मी, विरुद्ध बाजूने स्ट्रॅटन. पाच तारखेनंतर आम्ही प्रथमच एका छताखाली. पाद्रीबुवा अध्यक्ष. त्यांनी आमच्या मधोमध खुर्ची टाकून घेतली, आणि नंतर काही विचार करून ती जरा मागे सरकवली.

मी उभा राहिलो. पहिलं वाक्य पुरं होतं न होतं तोच मागून फट्. मग डावीकडून. मग बाकांच्या रांगाच्या रांगा. शंभर जिभा. या सभागृहात मी माणसांना रडवलं आहे, पेटवलं आहे, एकदा तर उठवून थेट मतपेटीकडे नेलं आहे. त्यांना गप्प करणारी सहा उत्तरं माझ्या जिभेवर होती. एक तर इतकं चांगलं होतं की ते गिळताना घशात दुखलं. तिसऱ्या बाकावर केझाया बसली होती. नखांच्या कडांना काळं. हल्ली ते जात नाही.

मी थांबलो. शंभर माणसं दमेपर्यंत थांबलो. मग भाषण केलं, आणि ते वाईट झालं नाही. एक-दोन ठिकाणी टाळ्याही पडल्या, त्याही होडीवाल्यांकडून.

स्ट्रॅटन उठला तेव्हा त्यालाही तेच. पण त्याला थांबता येत नाही. तो ओरडला, ते वाढलं. तो आणखी ओरडला, ते आणखी वाढलं. त्याचं भाषण तिथेच बुडालं. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याच्या कोटाच्या बाहीकडे पाहत होतो. कोपराला कोणीतरी बारीक टाक्यांनी रफू केलं आहे.

सभा संपली. पायऱ्यांवर तो माझ्या वाटेत उभा राहिला. लोक थबकले. त्याने आवाज खाली आणला. माझ्याशी बोलताना त्याने आवाज खाली आणल्याचं हे पहिलं उदाहरण.

“हॅस्केट, एक विचारतो. मी खोटं भरलं नव्हतं.”

“मीही नव्हतं.”

“मग झालं काय? दोन्हींचं? तुझं भरलं कोणी होतं?”

केझाया पाद्रीबुवांशी बोलत दहा पावलांवर उभी होती. तिचं बोलणं थांबलं. ती आमच्याकडे पाहत नव्हती.

मी आयुष्यात व्यासपीठावर किंवा छापात जाणूनबुजून खोटं बोललेलो नाही. या माणसाशी तर सरळ वाक्यही बोललेलो नाही.

“मीच भरलं,” मी म्हणालो. “दमटपणा, ओबेड. नदीकाठची हवा. ती दारूत शिरते.”

तो विचार करत राहिला. विचार त्याच्या चेहऱ्यावरून जाताना दिसतो, जड गाडीसारखा. मग त्याने मान हलवली.

“हो. मलाही तेच वाटलं. फार दमट आहे यंदा.”

आणि टोपीला हात लावून तो धुळीतून निघून गेला. ती त्याच्या गुडघ्यापर्यंत उडत होती. दीड महिना या गावात पाण्याचा थेंब पडलेला नाही. असल्या माणसाला लोक निवडून देणार आहेत.